मालिका उघडपणे पाहा, भाच्याला मात्र विचारू नका

पत्र: माझे वय ४७. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. टाळेबंदीच्या काळात मुलीच्या मोबाइलवर ‘टूगेदर’ ही थायलंडची मालिका पाहिली आणि तेव्हापासून दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या थाई, जपानी, तैवानी मालिका, ज्यांना बीएल म्हणतात, त्या मी सगळे झोपल्यावर कानात इअरफोन घालून पाहते. ‘बॅड बडी’च्या वेळी इतकी रडले की दुसऱ्या दिवशी कामावर डोळे आल्याचे सांगावे लागले. यजमानांना यातले काही ठाऊक नाही. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणते, ‘आई, तू खऱ्या माणसांच्या दुःखाची करमणूक करून घेतेस.’ गेल्या वर्षी माझ्या आवडत्या जोडीतल्या एका नटाला खऱ्या आयुष्यात मैत्रीण असल्याचे कळले आणि मला फसवल्यासारखे वाटले. रागाच्या भरात मी त्याच्या छायाचित्राखाली वाईट शब्द लिहिले. आता खरा प्रश्न. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा २७ वर्षांचा आहे, पुण्यात असतो. या मालिका पाहू लागल्यापासून मला वाटते की तोही तसाच असावा. बहीण त्याच्यासाठी स्थळे पाहते आहे आणि मलाही मुलगी सुचवायला सांगते. मी त्याला विचारू का? एखादी मालिका पाठवून सुचवू का? की बहिणीला सावध करू? – एक वाचक

उत्तर:

ताई,

तुमचे पत्र छापताना गाव, वय आणि नोकरी हे तपशील मी बदलले आहेत, कारण या पत्रात तुमच्याखेरीज आणखी एक माणूस आहे आणि त्याची परवानगी आपण दोघींपैकी कोणीच घेतलेली नाही. त्याच्याविषयीचा प्रश्न सर्वांत निकडीचा असल्याने त्याचे उत्तर आधीच सांगून टाकते: भाच्याला विचारू नका, सूचक म्हणून मालिका पाठवू नका आणि सावध करण्याच्या हेतूनेसुद्धा बहिणीला काही सांगू नका. याची कारणे मी सविस्तर लिहिणार आहे, परंतु त्यांची वाट तुमच्या बाकीच्या प्रश्नांतूनच जाते, म्हणून थोडा धीर धरून सगळे वाचा.

रडण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ‘बॅड बडी’मध्ये पॅट आणि प्रान ही शेजारच्या घरांतली मुले आहेत, दोन्ही घरांचे वैर आईवडिलांचे आहे आणि ते लहानपणापासून मुलांच्या माथी मारलेले आहे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरे ज्या मुलखात सगळ्यांनी पाहिली आहेत, तिथल्या बाईला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारणच नाही. शिवाय त्या मालिकेचा शेवट प्रामाणिक आहे. घरचे लोक मुलांना पोटाशी धरत नाहीत आणि मुलेही कायमची घर सोडून जात नाहीत. ती पालकांसमोर वेगळे झाल्याचे दाखवतात, प्रत्यक्षात नाते टिकवतात आणि पालकही पुष्कळसे कळूनही न कळल्यासारखे वागतात. हे पाहून सत्तेचाळिसाव्या वर्षी रडू आले तर त्यात वयाला न शोभणारे काही नाही. उलट त्या वयाच्या बाईलाच अशा मौनाची किंमत नीट कळते.

मुलीच्या आरोपाकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण तो अर्धा खरा आहे. तो नवाही नाही. १९९२ साली जपानमध्ये एका समलैंगिक कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी नियतकालिकात जवळजवळ हाच आरोप करणारा लेख लिहिला होता: आमच्या आयुष्याशी काही देणेघेणे नसलेल्या स्त्रिया आमच्या प्रेमाची देखणी चित्रे रंगवतात आणि मिटक्या मारत वाचतात, असा त्याचा रोख होता. त्यावर पुढे काही वर्षे वाद चालला आणि स्त्रियांनीही अतिशय गंभीरपणे उत्तरे दिली. तुमची मुलगी त्या वादात आपण होऊन जाऊन पोचली आहे, याचे मला कौतुक वाटते, आणि तिला ‘तुला काय कळते’ असे म्हणून गप्प करू नका, अशी माझी विनंती आहे.

त्या वेळी स्त्रियांनी दिलेले उत्तर समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. या कथांचा उगम १९७० च्या दशकातल्या जपानी मुलींच्या चित्रकथांत आहे. मोतो हागिओ यांची जर्मनीतल्या एका वसतिगृह-शाळेत घडणारी कथा १९७४ साली आली, केइको ताकेमिया यांची फ्रान्समधल्या शाळेत घडणारी कथा १९७६ साली सुरू झाली, आणि या दोघीही त्या वेळी विशीतल्या तरुणी होत्या. मुलींसाठीच्या प्रेमकथेत नायिकेचे पुढे काय होणार हे वाचणारीला आधीच ठाऊक असे. दोन मुलगे समोर ठेवल्यावर ते ठाऊक नसे. कोणी कोणाच्या घरी जायचे, कोणी नाव बदलायचे, चहा कोणी करायचा, हे जन्मतः ठरलेले नाही असे प्रेम कसे असेल, हा प्रश्न त्या स्त्रियांना स्वतःसाठी पडला होता. आजही थायलंडच्या कित्येक मालिका ज्या कादंबऱ्यांवर बेततात त्या स्त्रियांनी लिहिलेल्या असतात. तुम्ही पाहिलेली ‘टूगेदर’ तशाच कादंबरीवर आधारलेली आहे. म्हणून मला वाटते, रात्री इअरफोन घालून तुम्ही जे पाहता त्यात दुसऱ्याच्या दुःखापेक्षा तुमच्या स्वतःच्या एका न विचारलेल्या प्रश्नाचा भाग मोठा आहे. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांत प्रेम जुळले की पुढच्या आठवड्यात सासूबाई, दागिने आणि स्वयंपाकघरातले डावपेच सुरू होतात. त्याला कंटाळलेल्या स्त्रीने दोन माणसे एकमेकांकडे केवळ माणसे म्हणून कशी पाहतात हे पाहायला दुसऱ्या देशाची वाट धरली, तर तिला मी दोष देणार नाही.

आता आरोपाचा खरा अर्धा भाग. यातल्या कित्येक मालिकांना समलैंगिक माणूस नको असतो, फक्त त्याचे प्रेम हवे असते. ‘मला पुरुष आवडत नाहीत, मला फक्त तू आवडतोस’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. ते ऐकायला गोड आहे, पण ते बोलणारे पात्र आपण ‘तसले’ नाही अशी ग्वाही देत असते. जुन्या थाई मालिकांत तर जोडीतल्या एकाला चारचौघांत ‘बायको’ म्हणण्याची सर्रास प्रथा होती, म्हणजे ज्या साच्यातून सुटायला स्त्रिया या कथांकडे वळल्या तोच साचा मागच्या दाराने परत आला. २०१९ च्या ‘थार्नटाइप’मध्ये सुरुवातीच्या भागांत संमतीविना केलेला स्पर्श प्रेमाची पायरी म्हणून येतो, आणि ती मालिका अतिशय लोकप्रिय झाली. असे प्रसंग पाहताना जीव खाली-वर होत असेल तर त्या अस्वस्थतेवर विश्वास ठेवा. नट देखणा आहे आणि पार्श्वसंगीत हळुवार आहे एवढ्याने ती गिळून टाकू नका.

मुलीबरोबर बसून पाहण्यासाठी मी तुम्हाला एक मालिका सुचवते. जपानची, २०१९ ची, ‘किनो नानी ताबेता’, म्हणजे ‘काल काय जेवलास’. चाळिशीतला वकील शिरो आणि त्याचा जोडीदार केन्जी, जो केशकर्तनालयात काम करतो. शिरो रोज कामावरून सुटला की महिन्याच्या खर्चाचा हिशेब सांभाळत भाजी घेतो, स्वयंपाक करतो आणि दोघे जेवतात. यात विद्यापीठाचे मैदान नाही, पावसातले पहिले चुंबन नाही. इथे आहे ते म्हातारपणी कोण कोणाला पाहील याची काळजी, कार्यालयात तोंडातून एखादा शब्द निसटेल याची धास्ती, आणि शिरोचे आईवडील. हे आईवडील वाईट नाहीत. मुलाला समजून घेण्याची त्यांची धडपड खरी आहे. आई त्याविषयी वाचते, विचारते, चुकीचे विचारते. तरीही त्याच कथेवरच्या २०२१ च्या चित्रपटात ती मुलाला सांगते की नव्या वर्षाला केन्जीला घेऊन येऊ नकोस, कारण तिला ते सोसवत नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकारातले हे सर्वांत खरे चित्रण आहे, कारण मनाने होकार देऊनही अंगाने दार उघडता न येणारी माणसे आपल्याही घरांत आहेत. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला वाद घालून देता येणार नाही. पण हे पाहताना तुम्ही कोणासाठी रडता हे तिला दिसेल, आणि ते तिला पुरे होईल.

तिला आणखी एक सांगा. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाले, तैवानमध्ये ते २४ मे २०१९ पासूनच आहेत. हे कायदे मालिकांमुळे आले असे म्हणणे वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात उभ्या राहिलेल्या माणसांवर अन्यायाचे होईल. परंतु मालिका त्यांच्यापासून पूर्ण अलिप्त राहिल्या असेही नाही. विवाहसमानतेची मागणी अजून मान्य झालेली नव्हती तेव्हा, २०२१च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘नॉट मी’ या मालिकेत त्या मागणीचा मोर्चा आणि इंद्रधनुषी झेंडा थेट कथेत आला होता. तिच्या दिग्दर्शिका अनुचा बून्यवतना या स्वतः पारलिंगी स्त्री आहेत. चीनमध्ये याच्या उलट घडले. २०१९ च्या ‘द अनटेम्ड’मध्ये मूळ कादंबरीतले उघड प्रेम गाढ मैत्रीच्या पडद्याआड ठेवावे लागले, आणि २०२१ नंतर तर अशा कथांना पडद्यावर जागाच उरली नाही. तेव्हा करमणूक म्हणून पाहिलेली वस्तू कोणा ना कोणासाठी जोखमीची असते, हे मुलीचे म्हणणे बरोबर आहे. फक्त त्यावरचा उपाय पाहणे बंद करणे हा नाही, असे मला वाटते.

नटाच्या बाबतीत मात्र मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. तुम्हाला वाटलेले दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. ते तुमच्या मनात रुजवण्यासाठी पुष्कळ कौशल्य खर्ची पडलेले असते. ‘सोटस’ या थाई मालिकेच्या २०१६ मधल्या यशानंतर थायलंडच्या मालिकाव्यवसायात जोडीची पद्धत घट्ट रुजली: तेच दोन नट एकामागून एक मालिकांत, मग जाहिरातींत, मग चाहत्यांच्या मेळाव्यांत आणि संगीताच्या कार्यक्रमांत एकत्र आणायचे, आणि कॅमेरा बंद झाल्यावरही काही असावे अशी शंका कायम जिवंत ठेवायची. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ लागले तेव्हा राम आणि सीतेची भूमिका करणाऱ्या नटांच्या लोक पाया पडत. पडद्यावरची भावना पडद्यावर न मावणे आपल्याला नवीन नाही. पण त्या नटांनी उरलेले आयुष्य वनवासात काढावे, असे कोणी म्हणाले नव्हते. तुम्ही या मुलाकडून जवळजवळ तसेच काही मागितले.

त्याने तुम्हाला प्रेमाचा अभिनय दिला, तो चांगला दिला, तेथे त्याचे देणे संपले. त्याला मैत्रीण असेल तर ती लपवावी लागते, कारण चाहत्या रागावतात. त्याला उद्या मित्र असला, तोही कंपनीने नेमून दिलेल्या जोडीबाहेरचा, तर तोही लपवावा लागेल, आणि त्याचेही कारण हेच. ज्या मालिकांत लपवाव्या लागणाऱ्या प्रेमासाठी आपण अश्रू ढाळतो, त्याच मालिकांतल्या नटांना आपणच प्रेम लपवायला लावतो, हे मला अतिशय वाईट वाटते. तुम्ही लिहिलेले ते शब्द अजून तिथे असतील तर आज काढून टाका. तो मराठी वाचणार नाही असे मनाला समजावू नका. शब्द यंत्राने एका क्षणात उलगडतात, आणि ते त्याच्या मैत्रिणीलाही वाचता येतात.

आता भाचा. तुम्हाला वाटते की तो समलैंगिक असावा. हे तुम्हाला मालिका पाहू लागल्यापासून वाटते आहे, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि मला इथेच थांबून विचार करावासा वाटतो. बीएल मालिका पाहणाऱ्याच्या डोळ्याला एक सवय लागते: दोन नजरा किती वेळ भिडल्या, हात कुठे थबकला, कोण कोणाच्या आठवणीने गप्प झाला, हे टिपण्याची. दिग्दर्शक ते आपल्याला टिपता यावे म्हणून मांडून ठेवतो. खरी माणसे असे काही मांडून ठेवत नाहीत. २७ व्या वर्षी लग्नाला ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्या तरुणाची अनेक कारणे असतात: नोकरीची अनिश्चिती, आवडलेली मुलगी, लग्नच नको असणे, मनाची उभारी गेलेली असणे. तुमचा अंदाज बरोबरही असेल. पण अंदाज बरोबर असला तरी ते सांगण्याचा हक्क त्याचा आहे, आणि ते कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचे हे ठरवण्यात अशा माणसांची वर्षे गेलेली असतात. मावशीने एका संध्याकाळी थेट विचारले, तर इतक्या वर्षांची ती निवड एका प्रश्नाने त्याच्या हातून जाते. तो नाही म्हणाला, तर पुढे खरे सांगायची वेळ आली तेव्हा त्याला आधी आपले खोटे मागे घ्यावे लागेल. मालिकेचा दुवा पाठवणे हाही प्रश्नच आहे, फक्त आडून विचारलेला; रात्री दहाला मावशीकडून तो दुवा आला की हिला काय कळले, कोणी सांगितले, घरात आणखी कोणाला कळले, या विचारांनी त्याची झोप जाईल.

बहिणीला सांगणे तर सर्वांत धोक्याचे. ती प्रेमळ असेल, तरी भीतीपोटी माणसे घाई करतात: लग्न लवकर उरकतात, देवऋषी पाहतात, ‘बरे करणारा’ डॉक्टर शोधतात. अशी वेळ आलीच तर घरात तुम्हाला तरी हे नक्की ठाऊक असावे की समलैंगिकता हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने ती आजारांच्या यादीतून १९९० साली काढली, आणि ती ‘बरी’ करण्याचा उपचार देणे हे भारतात २०२२ पासून डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनात मोडते. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळालेली नाही. म्हणजे पॅट आणि प्रान यांच्या मायदेशात आता जे शक्य आहे ते आपल्याकडे नाही, हेही विसरू नका.

मग तुम्ही काहीच करायचे नाही का? पुष्कळ करायचे आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. तुम्ही या मालिका लपवून पाहता. यजमान खोलीत आले की मोबाइल उलटा ठेवत असाल, बहीण आली की अर्धवट भाग बंद करत असाल. जो मुलगा खरोखरच समलैंगिक असेल आणि मावशीच्या घरी कधीमधी येत असेल, त्याला त्या उलट्या ठेवलेल्या मोबाइलमधून एवढेच कळेल की या घरात ही गोष्ट लाजेची आहे. तेव्हा इअरफोन काढा. यजमानांना सांगा की मला या मालिका आवडतात, या दोन मुलांच्या प्रेमाच्या आहेत, बसायचे तर बसा. ते हसतील, कदाचित वैतागतील. त्यांना एका बैठकीत पटवण्याचा आग्रह नको, फक्त पुन्हा लपवायला सुरुवात करू नका. दिवाळीला सगळे जमतील आणि कोणी हातवारे करून एखाद्याच्या बायकी चालण्याची नक्कल करेल, तेव्हा हसू नका, आणि ‘मला हे आवडले नाही’ असे शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. हे भाच्याकडे पाहत म्हणू नका. तो खोलीत नसला तरी म्हणा.

बहीण पुन्हा मुलगी सुचवायला सांगेल तेव्हा तिला म्हणा, ‘त्याला काय हवे हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय मी कोणाच्या मुलीचे नाव काढणार नाही.’ हे वाक्य कोणत्याही भाच्याला लागू पडते, त्यात कोणतेही गुपित फुटत नाही, आणि त्यात त्या मुलीचाही विचार आहे जिला मनाविरुद्धच्या लग्नात सर्वांत जास्त भोगावे लागेल. बीएल मालिकांत ही मुलगी बहुधा खलनायिका असते किंवा दोन भागांनंतर दिसेनाशी होते. खऱ्या स्थळांत ती कोणाची तरी लेक असते.

यजमानांशी किंवा बहिणीशी पुढे कधी मोकळे बोलायची वेळ आली आणि शब्द सुचेनासे झाले, तर पुण्यातील समपथिक ट्रस्टने आणि मुंबईतील हमसफर ट्रस्टने या विषयात दीर्घकाळ काम केले आहे, आणि ‘स्वीकार’ हा अशा मुलामुलींच्या पालकांचा गट आहे. तिथे जाण्यासाठी भाच्याविषयी काही सिद्ध झालेले असण्याची गरज नाही. तुम्ही स्वतःच्या प्रश्नांसाठी जाऊ शकता.

आणि समजा, एके दिवशी तो आपण होऊन बोलला. तेव्हा ऐका, त्याला जेवायला बसवा, आणि हे आणखी कोणाला माहीत आहे, कोणाला कळलेले चालेल, हे त्यालाच विचारा. त्याचा जोडीदार असेल तर त्याचे नाव विचारा. आवडत्या मालिकेतल्या पात्राशी त्याची तुलना करू नका, आणि ‘मला आधीच कळले होते’ हे वाक्य, कितीही ओठांवर आले, तरी त्या दिवशी बोलू नका.